बिनगळाची काठी

आमच्या गावात अजून सांगतात की मी सांगलीच्या पाहुण्यांवर काठी उगारली. ते खोटं आहे. काठी माझ्या हातात होती आणि पाहुणे सुपारी न फोडता परत गेले, एवढं खरं. उगारणं मला कधी जमलंच नाही. चारचौघांत पाणी मागायलासुद्धा माझी जीभ वळत नाही. पाचगणीच्या इंग्रजी शाळेत आठ वर्षं राहून मी एकच गोष्ट पक्की शिकले होते, कोपऱ्यातली जागा धरायची आणि बघत बसायचं. म्हणून हे सांगत नाही, लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर त्या शाळेला बोल लावा.

ती काठी माझ्या वडिलांनी लढाईवरून आणली. लढाई संपल्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते पलटणीतून कायमचे घरी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि एक लांबोडकी कॅनव्हासची पिशवी होती. पिशवीत मासे धरायची काठी होती, तीन तुकड्यांची, एकात एक बसणारी. तिला खाली एक चकचकीत रीळ लावायचं, रिळावर बारीक विणलेली दोरी. इटलीत इस्पितळात शेजारच्या खाटेवर पडलेल्या एका साहेबानं ती त्यांना दिली होती. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, उजव्या खांद्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. अशा माणसाला फेकायची काठी कशाला द्यायची, असं आईनं विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "त्यानं दिली, मी घितली. दोघांस्नीबी ठावं हुतं."

गावात तिला लगेच नाव पडलं, साहेबाची काठी. त्या वर्षांत आमच्या भागात निम्म्या घरांतली माणसं पलटणीत होती आणि निम्म्या घरांतली साहेबाविरुद्ध उसाच्या फडात लपून राहिलेली. काही घरांत दोन्ही होती. "साहेब चाललाय न् काठी ठिवून चाललाय," असं लोक आबांच्या तोंडावर म्हणत आणि आबा हसत. मला मात्र हसू येत नसे.

आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही. पिशवीबरोबर आलेला पत्र्याचा डबा आबांनी उघडला आणि आत गळ दिसले तशी आई दोन पावलं मागं सरली.

"आवं, ते गळ माज्या घरात नगंत."

आबांनी गळ वेचून ट्रंकेत घातले आणि ट्रंकेला कुलूप लावलं. डब्यात शिशाचे दोन गोळे उरले, सुपारीएवढे, वर एकेक कडी. आबा म्हणाले, साहेब लोक थंडीच्या दिवसांत हिरवळीवर नुसतं शिसं बांधून सराव करतात, त्याला गळ लागत नाही. आईनं एक गोळा तळहातावर घेतला, बोटानं सगळीकडून चाचपला.

"ह्याला टोक न्हाई," ती म्हणाली. "टोक न्हाई तर पाप न्हाई. टाका काय टाकायचं ते."

टाकणार कोण, हा प्रश्न मग आला. आबांचा हात चालत नव्हता आणि मला भाऊ नव्हता. आबांनी अंगणात नजर फिरवली. मी तुळशीमागे उभी होते.

"धर," ते म्हणाले.

मी धरली.

आबांनी तीस पावलं मोजली आणि तिथं लोखंडी घमेलं ठेवलं. नेम त्यात. आणि पलटणीत हुकूम वाचून दाखवावा तसं सांगितलं, "दहात दहा पडली की नदी. तवर अंगण."

मला काय हवं होतं ते इथंच सांगून टाकते. मासे नको होते; खाल्लेही नसते. मला नदी हवी होती. कृष्णा आमच्या घरापासून हाकेवर आहे, पण माझ्या वयाच्या मुलीनं नदीवर जायचं ते घागर घेऊन नाहीतर धुणं घेऊन. काम झालं की परत. काठावर मोकळ्या हातानं, काही न करता उभं राहायची परवानगी फक्त पुरुषांना आणि म्हशींना. मला तिथं उभं राहायचं होतं आणि माझ्या हातातली वस्तू पलीकडच्या अर्ध्या पाण्यात जाताना बघायची होती.

पहिला महिनाभर ती वस्तू कौलांवर गेली, ताकाच्या मडक्यावर गेली, एकदा वासराच्या पाठीवर बसली आणि वासरू दोन दिवस माझ्याकडं संशयानं बघत राहिलं. रीळ उलटं पळायचं आणि दोरीचा असा गोळा व्हायचा की आई म्हणायची, "गुंतवळ काढ आता बसून." सोडवताना तासभर जाई. आबा बाकड्यावर बसून ओरडत, "मनगाट! आगं खांदा नगं, मनगाट!" डब्यात एक इंग्रजी पुस्तिकाही होती. ती घरात फक्त मला वाचता येत होती, त्यामुळं मी तिलाच धरून बसले होते. काठी घड्याळाच्या काट्यासारखी मागं न्यावी, अमुक आकड्यावर थांबवावी, तमुक आकड्यावर सोडावी. मी मनात आकडे मोजत होते आणि शिसं वाटेल तिकडं जात होतं.

चुकून घमेल्यात पडलं की ठण्ण असा आवाज होई. तो गल्लीभर ऐकू जायचा. शेजारच्या बायका दळताना मोजायच्या. संध्याकाळी भिंतीवरून हाक यायची, "काय मडम, आज दोनच घंटा? शाळा लवकर सुटली जणू!" मी उत्तर देत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी घेई, एवढंच उत्तर.

पौषात आमच्या घरामागच्या रानात मेंढरं बसली. दर साली माणदेशाकडची एक बाई आणि तिचा नवरा कळप घेऊन नदीकाठाला उतरत. रानाला खत मिळे, त्यांना धान्य. ती बाई एका दुपारी कुंपणापलीकडं उभी राहून माझं फेकणं बघत होती. किती वेळ, मला कळलं नाही.

"पोरी, त्वांडात काय पुटपुटतीस? मंतर?"

"आकडे," मी म्हटलं.

"कशाचं?"

मी पुस्तिका दाखवली. तिनं कमरेची गोफण काढली. एक ढेकूळ खोबणीत घातलं, एकदा डोक्याभोवती फिरवलं आणि लांब बांधाकडं निघालेल्या एका मेंढीच्या बरोबर पुढं टाकलं. मेंढी वळली.

"म्या काय मोजलं का?" ती म्हणाली. "दगूड हाताला वडाय लागतो. वडला की सोडायचा. आदी न्हाई, मागनं न्हाई. आन् तू दोरीकडं बगतीस. दोरीकडं काय हाय? मेंढीकडं बग."

मी काठी मागं नेली. आकडे मोजले नाहीत. काठीचा शेंडा वाकला आणि शिशानं मागं ओढ घेतली, ती मला कोपरापर्यंत कळली. इतके दिवस ती रोज येत होती आणि मी आकड्यांच्या नादात तिला ऐकत नव्हते. अंगठा रिळावरून उचलला. ठण्ण.

"व्हय," ती बाई म्हणाली आणि मेंढरांमागं निघून गेली. मी त्या दिवशी पुस्तिका डब्यात ठेवली. पुढच्या पंधरवड्यात दहात सहा झाली, मग सात, मग आठ. रिळावर घासून घासून उजव्या अंगठ्याला घट्टा पडला.

तेवढ्यात आत्या आली. आबांची थोरली बहीण, सांगलीत दिलेली. सांगली तेव्हा संस्थान होतं, आणि संस्थानातली माणसं आमच्यापेक्षा दोन बोटं उंच चालत. तिनं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. ऊसवाले, चार मोटांची विहीर, मुलगा कॉलेजात. चैत्रात बघायला येतील म्हणाली. मग माझ्याकडं वळली.

"वैनी म्हणती दिसभर अंगणातच असतीस. करतीस काय गं तितं?"

"कास्ट शिकते," मी म्हटलं.

'फेकायला शिकते' म्हटलं असतं तर काही झालं नसतं. पण पुस्तिकेत तो शब्द होता आणि तोच तोंडात बसला होता. आत्याला इंग्रजी येत नव्हतं. मात्र शाळेच्या फॉर्मावर 'कास्ट' म्हणून एक रकाना असतो आणि तिथं जात लिहितात, एवढं तिला सांगलीत राहून ठाऊक होतं.

"जात?" ती हसायला लागली. "जात शिकायची असती व्हय गं? ती काय सैपाक हाय? हाय ती हाय!"

"तसं नाही आत्या. हे दुसरं कास्ट."

"दुसरी जात?"

इथं मी गप्प बसले. नेहमीसारखी. एका वाक्यात मिटलं असतं ते मी सोडून दिलं आणि आत गेले. आत्यानं वाईट हेतूनं काही केलं नाही. परत गेल्यावर तिनं ती गंमत म्हणून सांगितली, की आमची पोर इंग्रजी शिकून आता दुसरी कास्ट शिकतीया. ऐकणारे हसले. एक जण हसला नाही. तो मुलाचा मामा. कचेरीत कारकून होता.

चैत्राची वाट न बघता ते फाल्गुनातच आले, आगाऊ निरोप न देता. मुलाचे वडील, तो मामा, आणि तोंड उतरलेली आत्या. गाडीवानानं बैल सोडले. आबांनी पलटणीतल्या दोन घडीच्या खुर्च्या अंगणात मांडल्या. आईनं मला घाईघाईनं जरीचं लुगडं नेसवलं आणि दाराआड उभं केलं. पाणी झालं, गूळ झाला.

"सुभेदार, सरळच इचारतो," मामा म्हणाले. "पोरीच्या कास्टचं काय हाय?"

आबांचा चेहरा उजळला. काठीबद्दल कुणी इतक्या आस्थेनं विचारलं नव्हतं.

"लय बरं चाललंय की! आठावर आलीया."

"आठ?"

"दहात आठ. दोन चुकत्यात अजून."

मामांनी मुलाच्या वडिलांकडं पाहिलं. "ऐकलं का दाजी? दहात दोन खोट हाय. आन् बाप हसून सांगतोय."

"खोट हायच," आबा म्हणाले. "पर हुईल बगा. आदी तर दोनच हुते."

"दोनच!" मुलाच्या वडिलांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आन् बाकीचं सहा कुटनं आणलं?"

"मेहनत," आबा म्हणाले. "रोज सकाळ-संध्याकाळ."

दाराआड मी सगळं ऐकत होते. गोष्ट कुठून कुठं गेली ते मला एका क्षणात कळलं. आत्याला अजून कळलं नव्हतं. ती आबांना डोळ्यानं खुणावत होती की थांब, थांब. आणि कुणी बोलणार नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी बाहेर आले.

"इंग्रजीत दोन शब्द आहेत," मी म्हटलं. जमिनीकडं बघत म्हटलं, पण म्हटलं. "उच्चार सारखाच. एकाचा अर्थ जात. दुसऱ्याचा अर्थ फेकणं. लिहिताना एका अक्षराचा फरक. मी फेकायला शिकते. दहात आठ वेळा घमेल्यात पडतं."

आणि भिंतीला टेकलेल्या काठीकडं बोट केलं.

मुलाचे वडील पोट धरून हसले. तिथंच संपायचं. पण मामा कचेरीत इंग्रजी कागद हाताळणारा माणूस. मुलगी बघायला येऊन मुलीकडून स्पेलिंग शिकणं त्यांना झेपलं नाही.

"ही तर मासं धरायची काठी," ते म्हणाले. "मासं धरायचं काम भोयाचं. म्हंजे शबूद चुकला तरी अर्थ त्योच निघतोय की!"

"भोयांचं काम मला आलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हटलं. "त्यांना घमेलं लागत नाही."

आईनं आतून "आगं!" म्हटलं. मला स्वतःलाच वाटलं की हे दुसरं कुणी बोललं. मामांनी माझा हात पाहिला. "आन् आंगठ्याला ह्ये काय? पोरीचा हात हाय का नांगऱ्याचा?"

मुलाचे वडील मवाळ होते. त्यांनी हात वर केला. "जाऊ द्या. वाद कशाला? सुभेदार, असं करा, ती काठी आमच्या पोराला द्या. त्येला शिकारीचा लय नाद. काठी तिकडं, पोरगीबी तिकडंच. मिटलं."

"मिटलंच की!" आत्या म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

आबांची थोरली बहीण समोर होती, दारातले पाहुणे होते, आणि मी आबांच्या तोंडाकडं बघत होते. तिथं होकार तयार होत होता. त्यांना दोष देत नाही. पण तो होकार मी बघितला.

"काठी माझी आहे," मी म्हटलं. "दहात दहा पडली की नदी, असं आबांनी सांगितलंय."

"मग पाड की आत्ता!" मामा खुर्चीतून पुढं सरकले. "आमीबी बगतो. एक जरी चुकलं तर काठी आमच्या गाडीत."

आबांनी मला विचारलं, "चालंल?"

मी मान हलवली.

घमेलं मांडलं. भिंतीवर शेजारणींची डोकी उगवली. मी पदर कमरेला खोचला. जरीचं लुगडं फेकायला फार वाईट, खांद्यावर अडतं. पहिलं पडलं. दुसरं पडलं. चौथं काठावर आपटलं, हललं आणि आत राहिलं. शेजारणी आता उघडच मोजत होत्या, "पाच! सहा!" सातव्यानंतर मामा मोजायचे थांबले. आठ. नववं पडलं तेव्हा मुलाच्या वडिलांनी "वा!" म्हटलं, मामांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि ते गप्प झाले.

दहाव्यासाठी मी काठी मागं नेली. शिशानं ओढ घेतली. आणि मी सोडलं नाही.

सगळे बघत होते. पडलं तर हेच लोक मला शाबास म्हणणार आणि नदी मला त्यांच्या शाबासकीतून मिळणार. नाही पडलं तर काठी त्यांच्या गाडीत. दोन्हीकडं निकाल देणारे तेच, त्या दोन खुर्च्यांतले. मी भ्याले होते का? असेनही. नऊ सलग मी त्याआधी कधी टाकली नव्हती. गावात अजून त्यावर वाद होतो, दहावं पडलं असतं की नाही. मी त्या वादात नाही.

मी दोरी गुंडाळली, शिसं काठीच्या कडीला अडकवलं.

"दहावं नदीवर टाकते," म्हटलं, आणि दारातून बाहेर पडले.

"ही लबाडी झाली!" मागून मामांचा आवाज आला. "सुभेदार, पोरगी पळाली!"

"पळत न्हाई," आबा म्हणाले. "चालत चाललीया. बगा की."

मी खरंच चालत गेले. गल्लीतून, जरीच्या लुगड्यात, हातात ना घागर ना धुणं. घाटावर पाच-सहा बायका धुणं आपटत होत्या. त्यांचे हात थांबले. मी सगळ्यांत खालच्या पायरीच्या शेजारी, खडकावर उभी राहिले. पाणी फाल्गुनातलं, उतरलेलं, मध्ये दोन काळे खडक उघडे पडलेले. मी त्या खडकांपलीकडं बघितलं. ओढ आली तशी अंगठा उचलला.

दोरी बराच वेळ जात राहिली. अंगणात ती इतकी कधी गेली नव्हती. तिथं नेहमी भिंत असायची. खडकांच्या पलीकडं नुसतं डुबुक झालं. ठण्ण नाही. बरोबर पडलं की चुकलं, हे सांगणारं तिथं काही नव्हतं.

"काय लागलं का गं?" एका बाईनं विचारलं.

"गळच नाही."

"मग काय धरतीयास?"

"काही नाही."

त्या एकमेकींकडं बघून हसल्या. "सुभेदाराची पोर काईच न धरता हुबी ऱ्हायलीया," एक जण म्हणाली, "आन् आमी हितं कंबार मोडून घितोय." मग पुन्हा धुणं आपटायला लागल्या. मी उभी राहिले. पाणी दोरीला खालच्या अंगाला ओढत होतं, मी ओढू दिलं. किती वेळ गेला, माहीत नाही. नंतर आणखी बारा-पंधरा वेळा टाकलं. मोजलं नाही.

परत आले तेव्हा पाहुणे अजून अंगणातच होते. बैल ओढ्यावर गेले होते, गाडीवान जेवायला, आणि आत्यानं पोहे पुढं करून त्यांना कसंबसं धरून ठेवलं होतं. आबा उठून जवळ आले आणि रिळावर बोट दाबून बघितलं.

"भिजलीया," ते म्हणाले. "अशी गुंडाळून ठिवली तर कुजंल. आत्ताच वाळाय पायजे."

दोरीचं एक टोक मी लिंबाला बांधलं. तिथून अंगण ओलांडून बाहेरच्या दाराच्या चौकटीला, परत लिंबाला, परत चौकटीला. दुसरं टोक आबांनी डाव्या हातात धरलं, कारण उजव्या खांद्याला ताण सोसत नव्हता. सगळी दोरी छातीएवढ्या उंचीवर ताणून झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि गाडीवान बैल घेऊन दारात आला होता.

पाहुणे उठले. खुर्च्या आणि दार यांच्या मध्ये चार पदरी ओली दोरी होती.

"आगं, काढ की ती!" आत्या दात-ओठ खात माझ्या कानाशी म्हणाली.

"ओली आहे," मी म्हटलं.

मामांनी आबांकडं पाहिलं. आबा दोरीकडं बघत होते, एखादा धागा उसवला आहे का ते. शेवटी मुलाच्या वडिलांनी पटका हातानं धरला आणि वाकले. मामा त्यांच्यामागून वाकले, एका पदराखालून, मग दुसऱ्या.

आई दारात हळदी-कुंकवाचं तबक घेऊन उभी होती. ते कुणाला लावायचं, हे तिला कळत नव्हतं. "जपून, पावनं," ती म्हणाली. "आजून थोडं वाका."